वाट न सांगणारी विचारणा: रिलेशनल डेटाबेसची जडणघडण

1960च्या दशकात मोठ्या संस्थांचे दफ्तर संगणकावर येऊ लागले, तेव्हा नोंदी एकमेकींशी जोडण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. अपोलो चांद्रमोहिमेतील असंख्य सुट्या भागांची जंत्री ठेवण्याच्या गरजेतून आयबीएमची आयएमएस ही प्रणाली आकाराला आली आणि तिच्यात प्रत्येक नोंद वंशवृक्षाप्रमाणे वरच्या एका नोंदीखाली येत असे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी घडवलेल्या आयडीएसमध्ये मात्र नोंदींच्या साखळ्यांचे जाळे विणलेले असे. दोन्हींत हव्या त्या नोंदीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचायचे हे प्रोग्रामरलाच लिहावे लागे, त्यामुळे साठवणुकीची मांडणी बदलली की त्या वाटांवर विसंबलेले प्रोग्रामही नव्याने लिहावे लागत.

या परावलंबनावर आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी जून 1970मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात उपाय सुचवला. ऑक्सफर्डमध्ये गणित शिकलेल्या कॉड यांनी संचसिद्धान्तातील ‘रिलेशन’ ही संकल्पना घेतली. रिलेशन म्हणजे ज्यातील ओळींना ठरावीक क्रम नाही आणि कोणतीही ओळ दोनदा येत नाही असा तक्ता. त्यातील प्रत्येक ओळ ‘की’ म्हणून निवडलेल्या रकान्यातील मूल्यावरून ओळखता येते, आणि दोन तक्त्यांचा संबंध तबकडीवरील पत्त्याने नव्हे, तर दोन्हींत आढळणाऱ्या समान मूल्याने जुळतो. यातूनच डेटाची स्वायत्तता साधते, म्हणजे साठवणूक बदलली तरी विचारणा बदलावी लागत नाही.

पुढच्या दोन वर्षांत कॉड यांनी नॉर्मलायझेशनचे, म्हणजे माहितीची पुनरुक्ती टाळणाऱ्या मांडणीचे, नियम विस्तारले. मालाच्या प्रत्येक नोंदीत पुरवठादाराचे गावही लिहिले, तर गाव बदलताच अनेक ओळी दुरुस्त कराव्या लागतात आणि त्यांतील एखादी राहून गेली की माहिती परस्परविरोधी होते. म्हणून पुरवठादारांचा तक्ता वेगळा काढून मालाच्या तक्त्यात केवळ त्यांचा क्रमांक ठेवावा, असे हे नियम सांगतात.

बाकमन यांनी 1973च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात प्रोग्रामरला माहितीच्या विश्वातील दिशादर्शक नाविक म्हटले होते, तर कॉड यांना ही नाविकी यंत्रावर सोपवायची होती. 1974मध्ये अ‍ॅन आर्बर येथे दोन्ही पक्षांचा जाहीर वाद झाला. यंत्राने शोधलेली वाट मंद ठरेल, या आक्षेपाला वादापेक्षा प्रयोगांनीच अधिक समर्पक उत्तर दिले. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी पुढे एसक्यूएल म्हणून ओळखली गेलेली भाषा रचली, आणि पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी 1979मध्ये प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च अंदाजून सर्वांत स्वस्त वाट निवडण्याची रीत मांडली. बर्कली विद्यापीठातील ‘इन्ग्रेस’ प्रकल्पानेही ही कल्पना व्यवहार्य असल्याचे दाखवले.

सुरक्षेचा प्रश्नही याच चौकटीत हाताळला गेला. सिस्टिम आरमध्ये तक्त्याचा निर्माता इतरांना वाचण्याचे वा बदलण्याचे अधिकार देऊ शके, ते पुढे सोपवण्याची मुभाही देऊ शके, आणि दिलेला अधिकार काढून घेतला की केवळ त्याच्याच आधारे पुढे सोपवलेले अधिकारही रद्द होत.

आयएमएस हे आयबीएमचे प्रस्थापित उत्पादन असल्याने कंपनीने सावधपणे पावले टाकली; तेवढ्यात, पुढे ओरॅकल नावाने प्रसिद्ध झालेल्या छोट्या कंपनीने 1979मध्ये आपली एसक्यूएल प्रणाली विकायला काढली. कॉड यांना 1981मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आयबीएमचे डीबी2 1983मध्ये आले आणि 1986मध्ये एसक्यूएल अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाले. तरीही ही भाषा तक्त्यात दुहेरी ओळी येऊ देते, यावर कॉड यांनी पुढेही कठोर टीका केली. रिलेशनल प्रतिमान आधी आले आणि भाषा नंतर; म्हणून डेटाबेस शिकणाऱ्याने आज्ञा पाठ करण्याआधी तक्त्यांची रचना समजून घेणे हाच या विषयाचा योग्य क्रम ठरतो.