सूत्र शब्दांचे, होळी सामानाची

तंजावरजवळच्या तिरुवैयारूत भोगीची पहाट धुरात उजाडते. झुंजुमुंजू व्हायच्या आत दारापुढे घरातली अडगळ रचून पेटवतात आणि मुले चिमुकली डफडी बडवत भोवती फेर धरतात. आपल्याकडे भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि चार भाज्या एकत्र केलेली लेकुरवाळी भाजी. तंजावरच्या मुलखात भोगी म्हणजे जुने जाळण्याचा दिवस.

या जाळण्याला आक्षेप घेतला की समोरून शास्त्राधार येतो. पवणंदी मुनींचे 'नन्नूल' हे तेराव्या शतकाच्या सुमाराचे तमिळ शास्त्र. त्यातल्या एका सूत्राचा आशय असा की कालमानाने जुने जाते, नवे येते, आणि त्यात दोष नाही. तमिळ शाळेतल्या पोराला ते पाठ असते आणि दर भोगीला त्याचा दाखला दिला जातो. त्याच्या जोडीला आणखी दोन समजुती आहेत. जे जळत नाही ते कावेरीत सोडावे, आईच्या पोटात सगळे मावते. आणि जे नदीतही टाकवत नाही ते भंगारवाल्याला द्यावे, तो मार्गी लावतो. पूर्वपक्ष एवढाच आहे आणि तो वाईट हेतूने मांडलेला नाही. घर मोकळे करावे, साठवणीचा लोभ सोडावा, हे मलाही मान्य आहे. माझे भांडण आधाराशी आहे.

'नन्नूल' हा व्याकरणग्रंथ आहे. ज्या सूत्राच्या जोरावर गाद्या आणि टायर पेटवले जातात, त्याचा विषय भाषेतले प्रयोग हा आहे. काही शब्द वापरातून जातात, काही नव्याने रुळतात, वैयाकरणाने त्याला अशुद्ध म्हणू नये, इतकेच पवणंदींना सांगायचे आहे. घरातल्या सामानाचा तिथे संबंध नाही. शिवाय त्यातले क्रियापदही बघण्यासारखे आहे. 'कळिदल' अकर्मक आहे, 'कळित्तल' सकर्मक. आपल्या गळणे-गाळणे, सरणे-सारणे या जोड्यांसारखीच ही जोडी. सूत्रात अकर्मक रूप आहे. जुने आपसूक गळून पडते, असे सूत्र म्हणते. कुणी ते हाताने उचलून आगीत टाकावे, असे म्हणत नाही.

मराठी वाचकाने यावर हसू नये. आपणही केशवसुतांच्या 1893 च्या 'तुतारी'ला घर आवरण्याच्या कामाला लावतो. त्या कवितेतले जुने म्हणजे रूढी आणि जुलूम, आजीची पितळी परात नव्हे.

आता परंपरेकडे वळू. भोगीच्या ढिगात पूर्वी काय असे? फाटकी लव्हाळ्याची चटई, तुटके सूप, झिजलेला खराटा, ताडपत्राचा मोडका पंखा. सगळे गवत आणि पान. धातू त्या ढिगात कधी गेला नाही. जुन्या लोखंड-पितळेच्या बदल्यात खजूर देणारा फेरीवाला हा तमिळ बालपणाचा भागच होता, आपल्या बोहारणीसारखा. त्या प्रांतातल्या रसमाच्या भांड्याचेच पाहा, ईय चोंबू म्हणतात त्याला. शुद्ध कथलाचा, हाताला जड, पण इतका मऊ की जोरात आपटला तर पोचा पडतो. रिकामा चुलीवर ठेवला तर बघता बघता बुड खाली बसते, कारण कथील 232 अंशांना वितळते. नवी सून घरात आली की तिला पहिली ताकीद याच चोंबूची. पण वितळलेला तो गोळा कुणी फेकत नाही. कारागिराकडे नेला की त्याच कथलाचा नवा चोंबू घडतो. खरी परंपरा ही आहे: आधी वेचायचे, निवडायचे, ज्याचे त्याला द्यायचे आणि उरलेला पालापाचोळा तेवढा जाळायचा.

आजच्या ढिगात फोमची गादी असते, रेक्झिनची पिशवी, पॉलिएस्टरच्या साड्या, पीव्हीसीचा पाइप. पीव्हीसीमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. तो जळला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिने हवेत मिसळतात, आणि पौषातली थंड, जड हवा तो धूर वर जाऊ देत नाही. 2018 च्या भोगीला चेन्नईच्या विमानतळावर समोरचे दिसेना म्हणून विमाने रखडली होती. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरा रस्त्यावर वा पाण्यात टाकणे, उघड्यावर जाळणे आणि पुरणे या तिन्ही गोष्टींना मनाई केली. चेन्नई महापालिका अलीकडे भोगीआधीच जुने कपडे, टायर, प्लास्टिक लोकांकडून गोळा करते. परंपरा बुडाली अशी ओरड त्यावर कुणी करू नये. ती मूळ जागी परत येते आहे.

नदीचे म्हणणे तर याहून सोपे आहे. तिरुवैयारू म्हणजे पाच नद्यांचे गाव, पण कावेरीचे पाणी आता धरणाच्या वेळापत्रकाने येते. 1934 मध्ये पुरे झालेल्या मेट्टूर धरणातून शेतीला पाणी सोडायची रूढ मुदत 12 जून ते 28 जानेवारी. भोगीनंतर दोन आठवड्यांत ती संपते. मग तिरुवैयारूच्या पुष्यमंडपाच्या घाटावर सोडलेले लुगडे वाहून कुठे जाणार? ते वाळूत रुतून बसते आणि पुढच्या पाण्याबरोबर कालव्याच्या दारात अडकते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीला वाहायची ताडपत्राची कर्णभूषणे पाण्यात कुजून जात. पॉलिएस्टर कुजत नाही.

जाळण्या-बुडवण्यात काय गमावले याची साक्ष याच तंजावर मुलखात जन्मलेल्या उ. वे. स्वामिनाथ अय्यरांनी दिली आहे. ताडपत्रांतून प्राचीन तमिळ ग्रंथ शोधून छापणारा हा विद्वान. आत्मचरित्रात ते लिहितात की करिवलमवंदनल्लूरच्या देवळात पोथ्या शोधायला गेले, तेव्हा जीर्ण पोथ्या आगमाच्या आज्ञेप्रमाणे तुपात भिजवून होमात टाकल्याचे त्यांना सांगण्यात आले. पोथ्या आडीच्या पुरात सोडल्याच्या हकिगतीही त्यांच्या कानावर आल्या. तिथेही शास्त्राचाच आधार होता. किती ग्रंथ गेले त्याची मोजदाद कोण करणार? उलट संतकवी त्यागराजांची पदे टिकली, कारण वालाजापेटच्या शिष्यांच्या घरांनी पोथ्या टाकल्या नाहीत. त्या आज मदुरेच्या सौराष्ट्र सभेत आहेत. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूत त्यांच्या आराधनेला बसणारा प्रत्येक गायक त्या न टाकलेल्या पोथ्यांचा ऋणी आहे.

भंगारवाल्याबद्दल मात्र मी हात राखूनच लिहितो, कारण त्याच्याशिवाय आपली शहरे बुडाली असती. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने हेच काम मान्यतेने आणि मानाने करून दाखवले आहे. पण रद्दी, लोखंड, बाटली यांत तो तरबेज. मोबाइल, बॅटरी, ट्यूबलाइट हे त्याच्या काट्यावर टाकायचे सामान नाही. तांब्यासाठी वायर जाळली जाते आणि तो धूर त्याच्याच पोरांच्या छातीत जातो. ही चीज नोंदणीकृत केंद्रावर नेऊन द्यावी लागते, आणि ते कष्ट आपले आहेत.

शेवटी एक गोष्ट तंजावरी मराठी घरांसाठी, आणि ज्यांचे सोयरे तिकडे आहेत त्यांच्यासाठी. लांडगे, कागलकर, पतंग अवधूत या घराण्यांनी आपापले ग्रंथसंग्रह तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला दिले, म्हणून ते आज वाचायला मिळतात. माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले मोडी दप्तर घरात कुणाला वाचता येत नसेल. तरी ते भोगीच्या ढिगात टाकू नका आणि रद्दीच्या काट्यावरही ठेवू नका. तिरुवैयारूहून तंजावर जेमतेम बारा किलोमीटर आहे. आधी ते तिथे नेऊन दाखवा.