शाळेचे शेत : एका मागणीचा इतिहास

मुलांस शेतीचे ज्ञान शाळेत द्यावे, हा विचार महाराष्ट्रात नवा नाही. तथापि ते कोणास व कोणत्या जमिनीवर द्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार पालटत गेले आहे. नवी मुंबईच्या उदाहरणाने या पालटाचा अर्थ विशेष स्पष्ट होतो.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात वाचन, लेखन व हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असे सुचविले. प्रत्यक्ष शिक्षणासाठी लहान नमुना-शेतांचीही सूचना त्यांनी केली. शिक्षणाचा भार रयतेने सोसावा आणि लाभ वरच्या वर्गांनी घ्यावा, या अन्यायाविरुद्धच्या त्यांच्या युक्तिवादाचाच हा एक भाग होता.

ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने याहून पुढचे पाऊल टाकले. मूलोद्योगासाठी तिने दररोज ३ तास २० मिनिटे राखून ठेविली. शेती हा अशा उद्योगांपैकी एक होता. फुल्यांच्या योजनेत शेती हा एक विषय होता. वर्धा योजनेत ती इतर विषय शिकविण्याचे माध्यम झाली.

दोन्ही योजनांत एक गोष्ट गृहीत होती : शेत शाळेच्या जवळ आहे. नवी मुंबईत हेच गृहीत ढासळले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांचा प्रदेश नव्या शहराच्या कक्षेत आला. येथील आगरी शेतकरी खाडीकाठच्या खारजमिनीत भात पिकवीत असे. बांध घालून भरतीचे पाणी अडवावयाचे, ओहोटीस उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडावयाचे, आणि पावसाने जमिनीतील क्षार धुऊन गेल्यावर पेरणी करावयाची, असा हा क्रम. तिथीवरून भरतीची वेळ ओळखणे हे त्यातील मूलभूत ज्ञान. ते पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर बांधावर, वडीलधाऱ्यांच्या हाताखाली मिळे.

जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांनी प्राण गमावले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. मात्र या व्यवहारात हिशेब झाला तो जमिनीचा. तिच्याबरोबर लोपणाऱ्या ज्ञानाची नोंद घेण्याचे कारण कोणास पडले नाही.

म्हणून आजच्या नागरी शाळेत कुंडीतील रोप दाखवून 'अन्न कोठून येते' हे सांगणे उपयुक्त असले, तरी अपुरे आहे. मुलांची शाळा ज्या भूमीवर उभी आहे, तिचाच पूर्वेतिहास त्यांना प्रथम सांगितला पाहिजे. त्यास साधने उपलब्ध आहेत. पनवेल येथे खारजमीन संशोधन केंद्र असून क्षार सहन करणारी भाताची वाणे तेथे विकसित झाली आहेत. गावठाणांतील वृद्धांपाशी बांध, उघाडी व बियाणे यांची परिभाषा अद्याप आहे. ती टिपून ठेवण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे आहे, आणि त्यास फार अवधी उरलेला नाही.