संत्र्याची साल आणि निमाडचा गांजा

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की आमच्या नागपुरात घरोघरी सालींचे ढीग पडू लागतात. गेल्या दिवाळीत असाच एक ढीग परसात नेऊन टाकीत असता पुतण्याने विचारले, "काका, गांजाच्या झाडाला फळांच्या सालींचे खत चालते म्हणतात, ते खरे का?" मी रागावलो. परवान्यावाचून हे झाड लावणे १९८५ च्या कायद्याने गुन्हा आहे, असे बजावले. पोरगा हिरमुसला. रात्री मात्र मनाला लागून राहिले, की प्रश्न मातीचा होता आणि उत्तर मी फौजदाराचे दिले. म्हणून जुने अहवाल काढून बसलो.

१८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. या प्रांतात पुढे गांजाची लागवड निमाड जिल्ह्यात, खांडव्याच्या बाजूलाच काय ती राहू दिली. परवाना घ्यावा तेव्हा पेरावे, आणि पीक निघाले की सरकारी वखारीत आणून घालावे, असा शिरस्ता. १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याने देशभरच्या ११०० हून अधिक साक्षी घेतल्या. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, बंदी नको, कर व नियंत्रण असावे, असा त्याचा निष्कर्ष १८९४ साली निघाला. झाडापासून चिलमीपर्यंत सारा हिशेब त्यात सापडतो. नर झाडे वेळीच ओळखून उपटावीत, नाहीतर मादीच्या शेंड्यांत बी धरते आणि राळ उणी पडते, हेही तेथे आहे.

खताचे काय? बंगालमध्ये नौगावच्या बाजूला (ते गाव आज बांगलादेशात आहे) शेणखत आणि पेंड घालीत. यात मला नवल वाटले नाही. हे झाड खादाड. त्याला वाढीसाठी नत्र हवे, आणि ते शेणापेंडीत भरपूर असते. फळांच्या सालींत पालाश बरे, नत्र थोडे. त्यातून संत्र्याच्या सालीत उग्र तेल. नुसती पुरली तर ती लवकर कुजत नाही, बुरशी आणि मुंग्या मात्र येतात.

मग साल फुकटच जायची काय? याचे उत्तर निमाडाला लागूनच असलेल्या माळव्यात मिळाले. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातला काडीकचरा कुजविण्याची रीत बसविली. त्यावरचे 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक १९३१ साली निघाले. मुखपृष्ठावर दुसरे नाव यशवंत वाड यांचे आहे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, थोडी राख. पाणी शिंपावे, तीनदा उलथावे, सुमारे तीन महिन्यांत खत तयार. जो जिन्नस एकटा निरुपयोगी, तो दुसऱ्याच्या सोबतीने कामास येतो.

एक गोष्ट मात्र खटकली. खांडव्याच्या गांजाचा तोळ्यातोळ्याचा कर सरकारने वसूल केला. पण त्या पिकाने जमिनीतून काय नेले आणि तिला परत काय मिळाले, याची वही कोणत्याच कचेरीत नव्हती. ती वही हॉवर्ड आणि वाड यांनी उघडली, तीही उकिरड्यापाशी बसून. आणि आम्ही नागपूरकर? रघूजीराजांनी औरंगाबादेहून संत्र्याची रोपे आणविली असे अभिमानाने सांगतो, आणि साली कचऱ्याच्या गाडीत टाकतो.

सकाळी पुतण्याला हाक मारली आणि रात्रीचे सारे सांगितले. साली बारीक चिरून, शेण आणि वाळला पाला घालून परसात खड्डा भरला. होळीच्या सुमारास तो उकरला, तेव्हा काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत हाती आले. ते आम्ही दारच्या लिंबाला घातले. पोराने मूठभर हुंगून पाहिले आणि म्हणाला, "काका, संत्र्याचा वास कुठे गेला?"