ब्रिटनचा काडीमोड आणि घरातले भांडण

काडीमोड म्हटला की दोन घरांचे भांडण आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. एका बाजूला नवऱ्याकडची मंडळी, दुसऱ्या बाजूला बायकोकडची, मध्ये पंच. परंतु मित्रहो, ब्रिटनने युरोपीय संघाशी जो काडीमोड घेतला, ज्याला सारे जग ब्रेक्झिट या नावाने ओळखते, त्याचा प्रकार थोडा निराळा आहे. दोन घरांत वाटाघाटी झाल्या हे खरे. पण त्याहून मोठा तंटा झाला तो ब्रिटनच्या स्वतःच्या घरात. २३ जून २०१६ रोजी लोकांनी कौल दिला आणि देश प्रत्यक्ष बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० रोजी. मधली साडेतीन वर्षे हा जुनाजाणता, कायदेकानूंचा देश आपल्याशीच भांडत बसला होता. मतमोजणी झाल्यावर भांडण मिटायचे, ते वाढले कसे, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी १९५७ साली रोम येथे करार करून एक सामायिक बाजारपेठ उभी केली. आपापसातली जकात उठवायची, व्यापार एकत्र गुंतवायचा, म्हणजे पुन्हा एकमेकांच्या उरावर बसण्याची वेळ येणार नाही, असा त्यामागचा हिशेब. इंग्रज त्या वेळी बाजूलाच राहिले. त्यांच्यामागे राष्ट्रकुल होते, न्यूझीलंडचे स्वस्त लोणी होते, आणि खरे सांगायचे तर साम्राज्य गेले तरी साम्राज्याचा ताठा गेला नव्हता. पुढे शेजाऱ्यांची भरभराट पाहून त्यांनी दार ठोठावले, तर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये ते तोंडावर लावून घेतले. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी हुजूर पक्षाचे पंतप्रधान हीथ यांनी देशाला आत नेले.

आत जाऊन पुरती अडीच वर्षे झाली नाहीत तोच, राहावे की निघावे, हा प्रश्न लोकांपुढे आला. त्या वेळी मजूर पक्षाचे विल्सन पंतप्रधान होते आणि त्यांच्या मंत्रिमंडळातच दोन तट पडले होते. मंत्रिमंडळाने बाहेर एकाच तोंडाने बोलावे, हा तिथला जुना दंडक. विल्सन यांनी तो तेवढ्यापुरता गुंडाळून ठेवला आणि मंत्र्यांना एकमेकांविरुद्ध जाहीर बोलण्याची मोकळीक दिली. ५ जून १९७५ रोजी शेकडा ६७ मते राहण्याच्या बाजूने पडली.

आता मौज पाहा. त्या प्रचारात मार्गारेट थॅचरबाई युरोपच्या नऊ देशांची निशाणे विणलेला स्वेटर घालून राहण्याची बाजू मांडत होत्या, आणि ‘बाहेर पडा’ म्हणून घसा कोरडा करीत होते मजूर पक्षाचे टोनी बेन. १९८३ च्या निवडणुकीत तर मजूर पक्षाने बाहेर पडण्याचे वचनच जाहीरनाम्यात छापले. पण १९८८ साली ब्रुझ शहरातल्या भाषणात थॅचरबाई युरोपच्या वाढत्या सत्तेविरुद्ध कडाडल्या आणि हळूहळू पारडी फिरली. युरोपची चीड हुजूर पक्षात मुरू लागली, मजूर पक्ष युरोपकडे झुकला. तेव्हा हे भांडण अमुक पक्षाचे, असे कुणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

चीड मुरण्यास कारणेही झाली. १९९२ च्या मास्ट्रिक्ट करारानंतर बाजारपेठेचा राजकीय संघ बनला. २००४ साली दहा नवे देश आत आले, त्यांत पोलंडसारखे पूर्वेकडचे आठ. जुन्या सभासदांपैकी ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच त्यांच्या मजुरांना पहिल्या दिवसापासून दारे उघडी ठेवली. लिंकनशायर परगण्यातल्या बॉस्टन नावाच्या गावी, भाजीपाल्याच्या मळ्यांत, पोलंड-लिथुएनियाची माणसे मोठ्या संख्येने आली. मळेवाल्यांची सोय झाली. पण मजुरी, भाड्याची घरे, शाळेतल्या जागा यांवर ताण पडला, अशी जुन्या रहिवाशांची तक्रार. पुढे याच बॉस्टनमध्ये शेकडा ७५ हून अधिक मते बाहेर पडण्यासाठी पडली. डेव्हिड कॅमेरन यांनी जानेवारी २०१३ मध्ये जनमताचे वचन दिले ते पक्षातले हे धुमसणे शांत करण्यासाठी. आपणच जिंकू, अशी त्यांची खात्री होती.

प्रचार कसा झाला? एका बाजूने लाल बसवर लिहिले की आपण युरोपला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते दवाखान्यांना देऊ. त्यातली मोठी रक्कम सूट म्हणून ब्रिटन मुळात भरतच नव्हते, ही गोष्ट बसवर नव्हती. दुसऱ्या बाजूने खुद्द सरकारी खजिन्याने गणित मांडले की बाहेर पडल्यास २०३० पर्यंत दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचा तोटा येईल. एकाने आशा वाढवून सांगितली, दुसऱ्याने भीती आकड्यांत मांडली. मतदानाला आठवडा उरला असताना, १६ जून रोजी, राहण्याच्या बाजूच्या खासदार जो कॉक्स यांचा भर रस्त्यात खून झाला. दोन्ही बाजूंनी प्रचार थांबवला. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा राग मात्र तसाच होता.

मत कुणाला होते, हेही ऐकण्यासारखे आहे. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत होते त्यांना मताचा हक्क होता, पण युरोपातल्या बहुतेक देशांच्या नागरिकांना नव्हता. इथे आपल्या गोव्याचा संबंध येतो. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या गोमंतकीयांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. ते घेऊन हजारो गोमंतकीय युरोपीय म्हणून स्विंडन शहरात कामाला गेले. म्हणजे स्विंडनच्या एकाच गल्लीत पुण्याहून आलेला भारतीय पारपत्राचा माणूस या प्रश्नावर मत देऊ शकत होता, आणि ज्याचा तिथला मुक्कामच या प्रश्नावर टांगला होता तो पोर्तुगीज पारपत्राचा म्हापशाचा माणूस मत देऊ शकत नव्हता. स्विंडनचे बहुमत बाहेर पडण्याच्या बाजूने गेले.

निकाल लागला : १ कोटी ७४ लाख मते बाहेर पडण्यासाठी, १ कोटी ६१ लाख राहण्यासाठी. शिक्षकबंधूंनी वर्गात ब्रिटनचा नकाशा लावून तो रंगवावा. इंग्लंड आणि वेल्स बाहेर, स्कॉटलंड शेकडा ६२, उत्तर आयर्लंड शेकडा ५६ राहण्याच्या बाजूने, लंडनही तसेच. तरुण बहुधा एकीकडे, म्हातारे दुसरीकडे. १९७५ साली स्कॉटलंडपेक्षा इंग्लंडच युरोपच्या बाजूने जास्त होते, हेही मुलांना सांगावे.

पण खरी गोम मतपत्रिकेतच होती. १९६७ साली गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, असे दोन ठिकाणे सांगणारे दोन पर्याय होते. कुठलाही निवडला तरी पोचणार कुठे, ते ठाऊक. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर एक ठिकाण होते आणि दुसरे फक्त दार. दाराबाहेर पडून जायचे कुठे? जकात संघात राहायचे? नॉर्वेसारखे बाजारात राहून सभासदत्व सोडायचे? की सगळेच तोडायचे? १ कोटी ७४ लाख लोकांनी एकच फुली मारली, पण त्यांच्या मनातले बाहेर एकसारखे नव्हते. कॅमेरन दुसऱ्याच दिवशी पायउतार होण्याची घोषणा करून मोकळे झाले.

त्यांच्या जागी आलेल्या थेरेसा मे यांनी युरोपशी करार केला आणि पार्लमेंटपुढे ठेवला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. आधुनिक काळात कुठल्याही ब्रिटिश सरकारचा इतका मोठा पराभव झाला नव्हता. २७ मार्चला खासदारांनी आठ निरनिराळे मार्ग मतास टाकले. आठांपैकी एकालाही बहुमत मिळेना! मग कुणी म्हणे, लोकांनी आज्ञा दिली आहे, खासदारांनी ती पाळावी. कुणी म्हणे, आमच्या देशात पार्लमेंट सर्वश्रेष्ठ, आणि पार्लमेंटलाही लोकांनीच निवडले आहे. दोन्ही म्हणणी खरी होती, म्हणूनच तिढा सुटेना. पुढचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवण्याचा घाट घातला, तो २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने बेकायदा ठरवला. विरोधात मत दिले म्हणून २१ खासदारांना त्यांनी पक्षातून काढले. त्यांत खुद्द चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. जॉन्सन यांचे सख्खे भाऊ जो जॉन्सन यांनीही, घराची निष्ठा आणि देशाचे हित यांत ओढाताण होते, असे सांगून मंत्रिपद सोडले.

सगळ्यात अवघड जागा आयर्लंडची. बेटावरची जवळजवळ ५०० किलोमीटरांची सरहद्द शेतांमधून जाते. १९९८ च्या करारानंतर तिथे रक्तपात थांबला होता, आणि पुन्हा नाकी बसवायला कुणी धजत नव्हते. शेवटी ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये समुद्रात मालाची तपासणी आली. उत्तर आयर्लंडमधले ब्रिटननिष्ठ लोक अद्याप यावर नाराज आहेत, २०२३ च्या विंडसर करारात ही तपासणी सैल झाली तरी.

डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सन यांना ८० जागांचे मताधिक्य मिळाले आणि वाट मोकळी झाली. बाहेर पडण्याचा मुहूर्त रात्री अकराचा होता, कारण ब्रसेल्सच्या घड्याळात तेव्हा बारा वाजतात.

आणि मच्छिमार? देशाच्या उत्पन्नात त्यांचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नाही, पण या भांडणात ते सतत पुढे होते. जून २०१६ मध्ये त्यांच्या होड्या थेम्स नदीतून थेट पार्लमेंटपर्यंत आल्या होत्या : आमचे पाणी आम्हांला परत द्या. २०२० च्या व्यापारकराराने युरोपच्या वाट्याचा चौथा हिस्सा परत मिळाला, तोही हप्त्याहप्त्याने. उलट जिवंत कालवे-शिंपल्या विकणाऱ्या कित्येकांना जानेवारी २०२१ पासून युरोपचा बाजारच बंद झाला. मे २०२५ मध्ये स्टार्मर यांच्या मजूर सरकारने युरोपशी नवा समझोता केला, त्यात युरोपच्या होड्यांना ब्रिटनच्या पाण्यात २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा दिली. स्कॉटलंडच्या मच्छिमार संघटनेने त्याच दिवशी निषेध नोंदवला.