तारापूर अणुइंधन प्रश्न

तारापूर येथील अणुवीज केंद्रास लागणाऱ्या समृद्ध युरेनियमच्या पुरवठ्यावरून भारत व अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्यात १९७४ ते १९८२ या काळात उद्भवलेला राजनैतिक वाद. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील (पूर्वीच्या ठाणे व २०१४ पासून पालघर जिल्ह्यातील) हे केंद्र भारतातील पहिले अणुवीज केंद्र असून त्याची वीज महाराष्ट्र व गुजरात या राज्यांना मिळू लागली.

नैसर्गिक युरेनियमात विखंडनक्षम युरेनियम-२३५ जेमतेम ०·७ टक्का असते. तारापूरच्या पहिल्या दोन विक्रियकांना त्याहून अधिक प्रमाण असलेले, म्हणजे समृद्ध, युरेनियम लागते आणि ते मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची क्षमता त्या काळी मोजक्या अण्वस्त्रधारी राष्ट्रांपाशीच होती. होमी भाभा यांच्या दीर्घकालीन योजनेचा भर नैसर्गिक युरेनियम व थोरियम यांवर होता. तथापि अणुवीज किफायतशीर ठरते हे लवकर दाखवून देण्यासाठी त्यांनी हे परावलंबन पत्करले. ८ ऑगस्ट १९६३ रोजी झालेल्या करारान्वये अमेरिकेने तीस वर्षे इंधन पुरविण्याचे मान्य केले व भारताने या केंद्रात केवळ अमेरिकेचेच इंधन वापरण्याचे बंधन स्वीकारले. आदल्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले होते. साम्यवादी चीनला शह देऊ शकेल असा लोकशाही देश म्हणून भारताकडे अमेरिका त्या सुमारास पाहत होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेले हे विक्रियक १९६९ मध्ये वीज देऊ लागले.

१९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने सही केली नाही. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने चाचणी स्फोट केला. त्यासाठीचे प्लुटोनियम तारापूरचे नव्हते. ते तुर्भे येथील, कॅनडाच्या साहाय्याने उभारलेल्या विक्रियकातून मिळालेले होते. तरीही रोष तारापूरवर ओढवला. या एका बाबतीत दोन्ही महासत्तांचे हितसंबंध जुळणारे होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. अणुसाहित्य पुरविणाऱ्या देशांच्या गटात रशिया अमेरिकेच्या बरोबरीने सामील झाला आणि भारताला जड पाणी देताना त्या मित्रराष्ट्रानेही कडक तपासणीच्या अटी घातल्या.

मार्च १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारास प्रतिबंध करणारा कायदा केला. ज्या देशाची सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीस खुली नाहीत, त्याला दोन वर्षांच्या मुदतीनंतर इंधन मिळणार नव्हते. पंतप्रधान मोरारजी देसाई अण्वस्त्रांचे विरोधक होते. मात्र महासत्ता स्वतःची शस्त्रे वाढवीत असता इतरांवर अशी तपासणी लादणे पक्षपाताचे आहे, ही भूमिका त्यांनीही सोडली नाही. एका देशाच्या अंतर्गत कायद्याने आंतरराष्ट्रीय करार एकतर्फी बदलता येत नाही, असे भारताचे म्हणणे होते. पुरवठा थांबल्यास करारातील बंधने भारतावरही राहणार नाहीत व वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करण्यास तो मोकळा होईल, हा त्यातील गर्भित इशारा होता. भारतापाशी असलेले हे एकच खरे साधन म्हणता येईल.

निर्णय अखेर निराळ्याच कारणाने झाला. डिसेंबर १९७९ मध्ये रशियन सैन्य अफगाणिस्तानात शिरले. अमेरिकेने पाकिस्तानला मदत देऊ केली आणि इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. भारत रशियाकडे अधिक झुकेल, ही चिंता वॉशिंग्टनला भेडसावू लागली. १६ मे १९८० रोजी अमेरिकन अणुनियमन आयोगाने इंधनाचा परवाना एकमताने नाकारला; परंतु अध्यक्ष कार्टर यांनी जूनमध्ये विशेष आदेशाने सु. ३८ टन इंधन पाठविण्यास मान्यता दिली. प्रसारबंदीचा कायदा ज्यांनी स्वतःच्या सहीने अमलात आणला, त्यांनाच तो बाजूला ठेवावा लागला. प्रतिनिधिगृहाने सप्टेंबरमध्ये हा आदेश २९८ विरुद्ध ९८ मतांनी फेटाळला. सेनेटमध्ये मात्र तो ४८ विरुद्ध ४६ अशा दोन मतांच्या फरकाने टिकला. दोन्ही सभागृहांचा विरोध झाला असता, तरच पुरवठा अडला असता.

हा तोडगा तात्पुरता होता. जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी व अध्यक्ष रेगन यांच्या भेटीत अमेरिकेऐवजी फ्रान्सने इंधन द्यावे असे ठरले. तपासणीच्या अटी कायम राहिल्या. अमेरिकेचा कायदा अबाधित राहिला व भारताला प्रसारबंदी करारावर सही करावी लागली नाही. वापरलेल्या इंधनाच्या पुनःप्रक्रियेविषयीचा मतभेद मात्र तसाच राहिला.

१९९३ मध्ये कराराची मुदत संपताच फ्रान्सनेही पुरवठा थांबविला. त्यानंतर १९९५ मध्ये चीनकडून व २००१ मध्ये, अमेरिकेचा आक्षेप असतानाही, रशियाकडून इंधन आले. पुरवठादार गटाने भारतापुरती सूट सप्टेंबर २००८ मध्ये दिली. तोपर्यंत तारापूरला प्रत्येकी ५४० मेगॅवॉटचे आणखी दोन विक्रियक सुरू झाले होते. ते भारतीय अभिकल्पाचे असून नैसर्गिक युरेनियमवर चालणारे आहेत.