गोळी एक, अनुपानं अनेक

शार्ङ्गधरसंहितेत योगराज गुग्गुळाची कृती संपते आणि ग्रंथकार लगेच ती गोळी कशाबरोबर घ्यायची याकडे वळतो. वातविकार असेल तर रास्नादी काढ्याबरोबर. पांडुरोगात गोमूत्राबरोबर, मेद वाढला असेल तर मधाबरोबर, त्वचारोगात कडुनिंबाच्या काढ्याबरोबर, वातरक्तात गुळवेलीच्या, डोळे दुखत असतील तर त्रिफळ्याच्या. उंदराचं विष उतरवायचं असेल तर पाडळीच्या काढ्यासोबत. गोळी प्रत्येक वेळी तीच, पण सोबतचं पेय बदललं की ती वेगळ्या दुखण्यावर चालते, असा हा हिशेब आहे.

या सोबतीला वैद्यकात अनुपान म्हणतात. गोळी घशाखाली उतरावी एवढंच त्याचं काम नव्हतं. पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब जसा क्षणात पसरतो, तसं अनुपानाच्या बळावर औषध अंगभर पसरतं, असं शार्ङ्गधर सांगतो. मात्राही तो ठरवून देतो: वातात तीन पळं, पित्तात दोन, कफात एक. पळ म्हणजे चार तोळे. म्हणजे वाताच्या रोग्याने गोळीवर बारा तोळे काढा प्यायचा. घोटभर पाण्यावर गोळी ढकलून मोकळं होण्याची ही पद्धत नव्हे.

त्याच्या कितीतरी आधी वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या सूत्रस्थानात, आठव्या अध्यायात, अन्नालाही हाच नियम लावला होता. जव, गहू, दही किंवा मध खाल्ल्यावर थंड पाणी, पिठाच्या जड पदार्थांवर कोमट पाणी, भाज्या आणि मुगावर ताक किंवा कांजी. अनुपान घेतल्यावर लगेच बोलत बसू नये, वाट चालू नये, झोपू नये, हेही तो बजावतो. श्वास-खोकल्याच्या आणि छातीला इजा झालेल्या रोग्याला त्याने अनुपान वर्ज्यच केलं आहे. सुश्रुताने तर सगळ्या अनुपानांत आकाशातून पडलेलं पावसाचं पाणी श्रेष्ठ ठरवलं. तेव्हा पाण्याचा मान या परंपरेत कमी नव्हता; ते अनेकांतलं एक होतं, इतकंच.

मराठी घरात हे शास्त्र संस्कृत न येणाऱ्यांच्याही हाती होतं, आणि ते सहाणेवर दिसे. बाळगुटी उगाळताना वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, बाळहिरडा, जायफळ, अतिविष एकेक करून सहाणेवर धरायचं आणि वेढे मोजायचे. बाळाचं पोट फुगलं असेल तर एखाद्या मुळीचा वेढा जास्त, जायफळ मात्र जपून, कारण त्याने गुंगी येते. ते सगळं आईच्या दुधात किंवा उकळून निववलेल्या पाण्यात कालवायचं. हेमगर्भाची मात्राही सहाणेवरच. सोनं, पारा, गंधक यांपासून केलेली ती कठीण गोळी आल्याच्या रसात आणि मधात उगाळून रोग्याच्या जिभेवर चाटवत. घरात हेमगर्भ उगाळायला घेतला की रोग्याची आशा सुटत चालली, हे शेजाऱ्यांनाही कळे.

सितोपलादी चूर्ण मध-तुपातून घ्यायचं, पण मध आणि तूप समभाग नको, हा दंडक अक्षरओळख नसलेल्या आज्यांनाही पाठ असे. यातलं सगळंच टिकण्याजोगं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवण्यात बॉट्युलिझमचा धोका असतो आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, असं आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. पाऱ्याच्या मात्रांचं तर नावच नको.

पनवेलला १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी श्री धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. पुडी बांधून देणारा वैद्य समोर असतो तेव्हा अनुपान तोंडी सांगता येतं. बाटली दूरगावी गेली की ते छापील कागदावर उतरवावं लागतं. शंकर दाजी शास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथही घरोघर गेला. त्यातला उपाय वाचताना औषधाखालोखाल नजर शोधते ती ‘कशातून’ हे.

युरोपातही पेयाला महत्त्व होतं. हिवतापावरची सिंकोना साल रॉबर्ट टॅल्बर हा इंग्रज सतराव्या शतकात वाईनमध्ये मिसळून गुप्त औषध म्हणून देई; फ्रान्सच्या चौदाव्या लुईने ते गुपित विकत घेतलं. १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँडने टॉनिक वॉटरचं पेटंट मिळवलं. पुढे तेच सिंकोनातल्या क्विनाईनचं पेय म्हणून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या हाती आलं. पुढे विसाव्या शतकात यंत्रावर दाबलेली, मापाची गोळी रुळली आणि तिच्यासोबत पाणी.

त्या पाण्याला भक्कम कारण होतं. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेतलं तर दुधातलं कॅल्शियम त्याला बांधून ठेवतं आणि औषध रक्तात नीट शिरत नाही. लोहाची गोळी चहावर घेतली तर टॅनिन आडवं येतं, लिंबू सरबतावर घेतली तर लोह जास्त शोषलं जातं. १९८९ मध्ये कॅनडातल्या लंडन शहरात डेव्हिड बेली मद्य आणि रक्तदाबावरचं फेलोडिपिन यांचा संबंध तपासत होते. मद्याची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. आतड्याच्या अस्तरातलं एक विकर औषधाचा बराच भाग वाटेतच मोडतं. रसाने ते विकर निकामी केलं होतं. ग्रेपफ्रूट हा पपनसाचाच वंशज. गणपतीच्या दिवसांत बाजारात दिसणाऱ्या पपनसातही तीच द्रव्यं असतात. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असलेल्याने ते खाण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

भारतात हा धागा पिंपळीने जोडला. अडुळशाबरोबर पिंपळी दिली की दम्यावर गुण वाढतो, अशी नोंद १९२९ साली कार्तिकचंद्र बोस यांनी केली होती. जम्मूच्या प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि सहकाऱ्यांनी त्यामागचं कारण शोधलं तेव्हा मिरी-पिंपळीतलं पायपरीन हाती लागलं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की हळदीतल्या कर्क्युमिनच्या दोन ग्रॅमसोबत वीस मिलिग्रॅम पायपरीन दिलं, तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिनचं प्रमाण जवळपास वीसपट होतं. २००९ मध्ये क्षयावरचं रिफॅम्पिसिन नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम घालून, सोबत दहा मिलिग्रॅम पायपरीन देऊन, एकाच कॅप्सूलमध्ये भारतात बाजारात आलं.