मुलांची रुची आणि परक्या हातचा घास

आपल्या सुशिक्षित घरांतून एक तक्रार वरचेवर कानीं येते. मूल वरणभात आणि बिस्किटें यांवांचून कशास शिवत नाहीं. उपाहारगृहांत नेलें तर तेथेंही तेंच मागतें, आणि न मिळाल्यास आकांत मांडतें. ‘त्याची जीभच तशी’ असें म्हणून आईबाप स्वतःचें समाधान करून घेतात. पण जिभेला वळण लावावें लागतें. आणि तें कोणी, कसें लावलें याचा महाराष्ट्रांतील इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्याचाच थोडा विचार आज करूं.

आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करतात. परंतु अन्नाशीं मुलाची ओळख त्याच्याही आधीं झालेली असते. २००१ सालीं अमेरिकेंत ज्यूली मेनेला व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें, कीं गरोदरपणीं किंवा अंगावर पाजतांना ज्या मातांनीं नियमानें गाजराचा रस घेतला, त्यांच्या मुलांनीं पुढें गाजराच्या चवीची पेज फारसें तोंड वेडेंवांकडें न करतां खाल्ली. १९८२ सालच्या एका प्रयोगांत लीअन बर्च यांस दोन वर्षांच्या मुलांत आढळलें, कीं अनोळखी पदार्थ जितक्या अधिक वेळां चाखावयास द्यावा, तितका तो अधिक आवडूं लागतो. या प्रयोगांत एखादा पदार्थ २० वेळांपर्यंत चाखविला होता. आपण दोनदां देतों आणि हात टेकतों!

आवड शिकवितां येते, तशी किळसही शिकवितां येते. मागील पिढ्यांत मुलाला पदार्थाची चव कळण्याआधीं तो कोणाच्या हातचा, हें कळे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळींनीं चहा घेतला. त्यांत लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ति रानडे हेही होते. त्या पेल्याभर चहावरून ग्रामण्य उभें राहिलें आणि प्रायश्चित्ताचे प्रसंग आले. थोरांची ही कथा, मग पोरांची काय! १९०१ सालीं नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर आपला भाऊ व भाचे यांसह आगगाडीनें मसूर स्थानकावर उतरून पुढें बैलगाडीनें वडिलांकडे निघाले होते. बरोबर डबा भरलेला होता. पण हीं मुलें अस्पृश्य, म्हणून वाटेंत त्यांस पाणी मिळेना, आणि पाण्यावांचून घास उतरेना. अन्न जवळ असून तीं मुलें उपाशीं झोपलीं. पुढें बाबासाहेबांनीं आपल्या आठवणींत हें लिहून ठेविलें आहे.

ही घट्ट वीण उसविण्यास ज्या गोष्टींनीं हातभार लाविला, त्यांत आगगाडी ही एक होय. मुंबईहून १८५३ सालीं ठाण्यास पोंचलेला लोहमार्ग १८६१ सालीं शहापूर तालुक्यांतील कसाऱ्यास आला, आणि १८६५ सालीं थळ घाट चढून इगतपुरीस गेला. या घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट असा खडा. त्यामुळें गाडीस मागून रेटा देणारीं इंजिनें जोडावीं लागत आणि गाडी कसाऱ्यास खोळंबे. खोळंबलेल्या गाडींत भूक मात्र जातपात विचारीत नाहीं. समोरच्या बाकावर अनोळखी कुटुंब, त्यांचा उघडलेला डबा, खिडकीपाशीं चहा व वडे यांचा पुकारा, आणि आईच्या पदराआडून टकमक पाहणारें मूल! परक्या हातचा घास पुष्कळ मुलांनीं प्रथम चाखला तो अशा प्रवासांत.

शिवाय त्या वड्याचें कुळ तरी कोणतें? बटाटा मूळचा अमेरिका खंडांतला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या मार्गानें आला, आणि नांवही त्यांचेंच घेऊन आला. मिरचीही तशीच परदेशची. ज्या सोवळ्या स्वयंपाकघरांत परक्याचें पाणी चालत नसे, तेथें हा परका बटाटा उपासालाही चालूं लागला!

आगगाडीनें सर्व भेद पुसले असें मात्र कोणी समजूं नये. हिंदूंचें पाणी वेगळें आणि मुसलमानांचें वेगळें, ही चाल कित्येक स्थानकांवर इंग्रजी अमलाच्या अखेरपर्यंत होती. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें १५ व्या कलमांत सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करून, धर्म वा जात यांवरून तेथें कोणास मज्जाव करतां येणार नाहीं असें ठरविलें. आज मूल ज्या मेजावर खुशाल पाय हालवीत बसतें, तें मेज असें कष्टानें मिळालेलें आहे.

म्हणून मुलाला उपाहारगृहांत न्यावयाचें तें थोडी तयारी करून. त्यास भूक लागलेली असावी, पण तें भुकेनें कळवळलेलें नसावें. ताटांत एक ओळखीचा पदार्थ ठेवून शेजारीं एक नवा ठेवावा. बळेंच भरवूं नये. गोडाची लांचही देऊं नये. आपण स्वतः तो पदार्थ आवडीनें खावा, कारण मूल आपल्या बोलण्यापेक्षां आपल्या तोंडाकडे अधिक पाहतें. वाढणाऱ्यास नमस्कार करावयास आणि पदार्थ कोणत्या प्रांतांतला हें विचारावयास त्यास शिकवावें. त्याला कंटाळा आला, तर रागें न भरतां उठावें.

आणि परका घास दूरच्याच देशीं असतो असेंही नाहीं. पावसाळ्याच्या तोंडावर शहापूर-मुरबाडच्या रानांत शेवळें येतात. तीं नीट न शिजविल्यास घसा खाजतो. म्हणून त्यांत काकडाचीं आंबट फळें किंवा चिंच घालतात. हें ज्ञान तेथील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या समाजांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपलें. त्यांच्या मुलांना टाकळा, कुर्डू, करांदे, नाचणी, वरई हें सारें ठाऊक. परंतु तें वैविध्य हौसेचें नव्हे. ऋतु देईल तें खावयाचें, आणि टंचाईच्या दिवसांत कंद उकरावयाचे, असा तो संसार. २०२३ हें आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरें झालें, आणि शहरांतल्या भोजनपत्रिकांवर नाचणी मानानें बसली. तीच भाकरी पाड्यावरच्या मुलाच्या हातीं पाहून मात्र आपण तिला गरिबाचें अन्न म्हणत आलों.

पुढल्या पावसाळ्यांत ठाणें-कल्याणच्या बाजारांत आदिवासी बाई शेवळें घेऊन बसलेली दिसेल. मुलाला बरोबर न्या, आणि तीं कशीं करावीं हें तिलाच विचारा. पहिल्या दिवशीं मूल एकच घास खाईल, किंवा तोही थुंकून टाकील. चिंता नको, हंगाम संपण्यापूर्वीं आणखी एकदां करा. मात्र ‘शी, हें आपलें नव्हे’ हे शब्द त्याच्या कानीं आपल्या तोंडून पडूं देऊं नका.